१००९, २०२५ आणि त्यांची भावंडं: फ्लॅशमधल्या रनटाइम एरर कशा शोधाव्यात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुमच्याकडे अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या (वेबवरच्या खेळ-धड्यांचं जुनं तंत्र) प्रोग्रामिंग भाषेतला एक जुना शैक्षणिक प्रकल्प आला आहे. एक मुख्य एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची चालवायची फाइल, आहे आणि ती लोडर (दुसरी फाइल आत आणणारा ऑब्जेक्ट) वापरून धड्यांच्या वेगवेगळ्या एसडब्ल्यूएफ उघडते. धडा एकटा चालवला तर चेंडू उडतो, सगळं ठीक. तोच धडा मुख्य फाइलमधून उघडला की एरर १००९, म्हणजे 'नल ऑब्जेक्ट रेफरन्स', नसलेल्या वस्तूला हात लावल्याची तक्रार. ती धड्याच्या कन्स्ट्रक्टरमधल्या (ऑब्जेक्ट बनतानाच चालणारं फंक्शन), स्टेजला (ज्यावर सगळं दिसतं तो मंच) लिसनर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) जोडणाऱ्या ओळीवर येते. तुम्ही त्या ओळीभोवती 'स्टेज नल नसेल तरच' अशी अट घातलीत. एरर गेली, पण चेंडू जागचा हलेना. शिवाय धडा बंद करताना २०२५ येते, तीही कधी येते, कधी येत नाही. यात कुठली ओळ चुकली आहे, असं तुम्ही विचारलंय.

ओळ बहुधा कुठलीच चुकलेली नाही. बरोबर ओळ चुकीच्या क्षणी चालतेय. डिस्प्ले ऑब्जेक्टवर, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंवर, कोड लिहिताना येणाऱ्या एररपैकी निम्म्याहून जास्त याच जातीच्या असतात, असा माझा इतक्या वर्षांचा अंदाज आहे. म्हणूनच नाव, स्पेलिंग, कंस तपासत बसलं की दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. धडा तुम्ही कशात चालवताय? ब्राउझरमधला मूळ प्लगइन आता नाही. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच मजकूर चालवणं बंद केलं. त्यामुळे तुम्ही एकतर ब्राउझरशिवाय स्वतंत्र चालणारा प्लेअर, म्हणजे प्रोजेक्टर, वापरत असाल, नाहीतर ब्राउझरमध्ये रफल. रफल हा रस्ट भाषेत लिहिलेला, मूळ प्लेअरची नक्कल करणारा एम्युलेटर आहे, मूळ प्लेअर नव्हे. त्याचा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ आणि २ चा आधार आधी पक्का झाला, ३ चा नंतर हळूहळू वाढत गेला. त्यामुळे एरर रफलमध्ये आली तर ती तुमच्या कोडची आहे की रफलमध्ये अजून न भरलेल्या एखाद्या जागेची, हे नुसतं बघून सांगता येत नाही. माझा नियम साधा आहे: तीच फाइल आधी प्रोजेक्टरच्या डिबगर आवृत्तीत चालवायची. तिथेही तीच एरर आली तर दोष आपला. तिथे नीट चालली तर कोडला हात न लावता रफलच्या बाजूने शोध घ्यायचा. हे न करता मी एकदा दोन दिवस एका निर्दोष क्लासची चिरफाड केली होती, म्हणून आवर्जून सांगतोय.

डिबगर आवृत्तीच का, तेही सांगतो. साधा प्लेअर रनटाइम एरर दाखवतच नाही. ज्या फंक्शनमध्ये ती आली ते तिथेच सोडून देतो आणि पुढे जातो. बघणाऱ्याला फक्त 'बटण चालत नाही' एवढंच दिसतं. डिबगर मात्र खिडकी उघडून एररचा क्रमांक, मजकूर आणि स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी) देतो. पब्लिश सेटिंगमध्ये 'परमिट डिबगिंग' चालू करून फाइल पुन्हा बनवलीत तर ट्रेसमध्ये ओळींचे क्रमांकही येतात. तसं न करता नुसत्या फंक्शनच्या नावावरून शोधणं म्हणजे पत्त्यात घर नंबर नसताना गल्लीभर दारं ठोठावणं.

आता १००९. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ मध्ये काम केलेल्या माणसाला ही एरर फार छळते, कारण तिथे नसलेल्या वस्तूवर मेथड हाक मारली तर काहीच होत नसे. ना एरर, ना परिणाम. २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ बरोबर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आणि तिच्यासाठी नवीन व्हर्च्युअल मशीन आली, आणि पूर्वी मुकाट गिळली जाणारी चूक बोंब मारू लागली. त्रास वाटतो, पण उपकारच आहेत. तुम्ही घातलेल्या नल-तपासणीने नेमकं काय केलं बघा. तुम्ही त्या बोंबेचं तोंड दाबलं. स्टेज नल होतं, म्हणून लिसनर जोडणारी ओळ वगळली गेली. लिसनर नाही, म्हणून चेंडूला हलायला सांगणारं कुणी नाही. एरर होती तेव्हा निदान कुठे बघायचं ते कळत होतं.

स्टेज नल का होतं? धडा एकटा उघडता तेव्हा त्याचा डॉक्युमेंट क्लास (फाइलचा मुख्य क्लास) हाच प्लेअरचा मुख्य ऑब्जेक्ट असतो. प्लेअर त्याला आधीच स्टेजवर बसवतो, त्यामुळे कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा स्टेज हाताशी असतं. तोच धडा लोडरमधून येतो तेव्हा कन्स्ट्रक्टर आधी चालतो आणि ऑब्जेक्ट कुणाच्या तरी पोटात जातो नंतर. त्या क्षणी त्याला ना पॅरेंट (त्याला पोटात धरणारा ऑब्जेक्ट) असतो, ना स्टेज. जन्म झालाय, पण घरात अजून पाऊल पडलेलं नाही.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये स्टेज आहे का ते बघा. असेल तर सुरुवातीचं फंक्शन लगेच बोलवा. नसेल तर स्वतःलाच 'अ‍ॅडेड टू स्टेज' या इव्हेंटचा लिसनर लावा आणि तेच फंक्शन त्यातून बोलवा. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तो लिसनर काढून टाका, नाहीतर ऑब्जेक्ट एका पॅरेंटकडून दुसऱ्याकडे गेला की सगळी मांडणी पुन्हा होते आणि एकाच चेंडूला दोनदा ढकललं जातं. तुमच्या अटीत आणि या उपायात दिसायला फरक थोडा आहे, पण तुमची अट 'आत्ता नसेल तर राहू दे' म्हणते आणि ही 'आत्ता नसेल तर येईपर्यंत थांब' म्हणते.

हे करूनही १००९ आली तर दोन ठिकाणं बघा. पहिलं टाइमलाइन. चेंडूच्या लेयरवर दोन कीफ्रेम (टाइमलाइनवर बदल नोंदणाऱ्या फ्रेम) असतील आणि इन्स्टन्स नेम (कोड ज्या नावाने वस्तू ओळखतो ते) फक्त पहिल्यावर दिलं असेल, तर दुसऱ्या कीफ्रेमवर तो चेंडू कोडच्या दृष्टीने अनोळखी होतो. डोळ्यांना तोच दिसतो, म्हणून हे लक्षात यायला वेळ लागतो. प्रत्येक कीफ्रेमवर क्लिक करून प्रॉपर्टीजच्या चौकटीत नाव वाचायचं, दुसरा रस्ता नाही. दुसरं ठिकाण म्हणजे 'गोटू अँड स्टॉप'नंतरची ओळ. एका फ्रेमवरून दुसरीकडे उडी मारून लगेच पुढच्या ओळीत तिथल्या बटणाला हात लावायचा, हा मोह सगळ्यांना होतो. जुन्या फाइलींमध्ये त्या फ्रेमवरच्या वस्तू तोवर तयार झालेल्या नसतात. फ्लॅश प्लेअर १० पासून 'फ्रेम कन्स्ट्रक्टेड' नावाचा इव्हेंट आहे. तो आल्यावर त्या फ्रेमवरच्या वस्तू तयार असतात आणि फ्रेमवरची स्क्रिप्ट त्यानंतर चालते. बटणाची कामं तिथे हलवा.

एक बारीक पण उपयोगी सवय सांगतो. १००९ ही एरर काय नल आहे ते सांगत नाही. एका ओळीत तीन टिंबं असतील, म्हणजे पॅरेंटचा पॅरेंट, त्याचा चेंडू, त्याचा एक्स, तर त्यातलं कुठलंही नल असू शकतं. अशी ओळ तोडा. प्रत्येक टप्पा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि ट्रेस करा, म्हणजे त्याची किंमत छापून बघा. जो पहिला नल छापला जाईल तोच गुन्हेगार. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक तास-तास ओळीकडे टक लावून बसतात. मीही बसलोय.

पॅरेंटच्या पॅरेंटचा विषय निघालाच आहे तर तुमच्या प्रकल्पातली पुढची एरर मी आत्ताच भाकीत करतो: १०३४, टाइप कोअर्शन फेल्ड, म्हणजे एका प्रकारची वस्तू दुसऱ्या प्रकारची मानता आली नाही. एकट्या धड्यात कुणीतरी पॅरेंटला मूव्हीक्लिप (स्वतःची टाइमलाइन असलेली वस्तू) समजून कास्ट केलेलं, म्हणजे त्या प्रकारात बदलायला सांगितलेलं, असतं, गुण मुख्य फाइलला कळवायला म्हणून. लोड झालेल्या धड्याचा पॅरेंट मूव्हीक्लिप नसतो, तो खुद्द लोडर असतो. मुख्य फाइल त्याच्याही वरच्या पायरीवर. 'रूट'वरही विसंबू नका, कारण लोड झालेल्या धड्यातल्या वस्तूंसाठी रूट म्हणजे त्या धड्याचाच वरचा ऑब्जेक्ट, मुख्य फाइल नव्हे. अशी पॅरेंटची शिडी चढत जाणारा कोड मी दिसला की काढून टाकतो आणि धड्याकडून इव्हेंट पाठवतो. मुख्य फाइलने तो ऐकावा. धड्याला आपण कुणाच्या घरात राहतो हे माहीत असण्याची गरज नाही.

१०३४ चं आणखी एक रूप म्हणजे क्लिकच्या वेळी येणारं. इव्हेंटचा 'टार्गेट' म्हणजे प्रत्यक्षात ज्याच्यावर क्लिक झालं ती सगळ्यात आतली वस्तू. बटणावर डायनॅमिक टेक्स्ट असेल आणि बोट अक्षरांवर पडलं, तर टार्गेट टेक्स्टफील्ड होतो आणि मूव्हीक्लिपमध्ये कास्ट करताना एरर येते. बटणाच्या कडेवर क्लिक केलं तर येत नाही. म्हणून ती 'कधीकधी' येते. 'करंट टार्गेट' (ज्याला लिसनर लावला ती वस्तू) वापरा, किंवा बटणाचं 'माउस चिल्ड्रन' (आतल्या वस्तूंना माउसचे इव्हेंट मिळू देणारी सेटिंग) बंद करा. इथे एक जण नेहमी सल्ला देतो की कास्टऐवजी 'अ‍ॅज' वापरा, एरर येणार नाही. खरंय, तिथे येणार नाही. 'अ‍ॅज' जमलं नाही तर नल देतो, आणि मग तीच चूक दहा ओळी पुढे १००९ चा मुखवटा घालून भेटते. मला विचाराल तर १०३४ परवडली. निदान ती आपलं खरं नाव सांगते.

आणि कधी मेसेजमध्ये दोन्हीकडे एकच क्लास दिसेल, म्हणजे 'चेंडूचं चेंडूत रूपांतर करता येत नाही' अशा थाटात. हसू नका, हा गोंधळ अगदी खरा आहे. दोन धड्यांमध्ये एकाच नावाचा क्लास आपापल्या कॉपीसह कंपाइल झालेला असतो आणि दोघे वेगवेगळ्या अ‍ॅप्लिकेशन डोमेनमध्ये, म्हणजे क्लासच्या व्याख्यांच्या वेगळ्या कप्प्यांमध्ये, बसलेले असतात. नाव एक, पण प्लेअरच्या लेखी क्लास दोन. सामायिक क्लास मुख्य फाइलमध्ये कंपाइल करून ठेवा. धडा नेहमीप्रमाणे मुख्य फाइलच्या चाइल्ड डोमेनमध्ये लोड झाला की वरची व्याख्याच वापरली जाते आणि भांडण मिटतं.

आता २०२५, जी तुम्हाला बंद करताना भेटते. मेसेजचा अर्थ सरळ आहे: ज्याला तुम्ही 'हे मूल काढ' म्हणताय, त्याचं ते मूलच नाही. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे नेमकं कारण सांगू शकत नाही, पण 'दर वेळी येत नाही' हा शब्दप्रयोग मला दोन शक्यतांकडे नेतो. एक, धड्यात वस्तू ओढायची सोय असेल. ओढताना वस्तू सगळ्यांच्या वर दिसावी म्हणून कोड तिला वरच्या कुठल्यातरी कंटेनरमध्ये अ‍ॅडचाइल्ड करतो. अ‍ॅडचाइल्डचा गुण असा की तो वस्तूला जुन्या पॅरेंटकडून गुपचूप काढून नव्याकडे देतो, वेगळं रिमूव्ह करावं लागत नाही. विद्यार्थ्याने वस्तू सोडायच्या आतच धडा बंद झाला तर ती नव्या घरात असते आणि तुमचा कोड तिला जुन्या घरात शोधतो. दुसरी शक्यता, बंद करण्याचं फंक्शन दोनदा चालतंय. एकदा बटणाने, एकदा धडा संपल्याच्या इव्हेंटने, किंवा घाईने दोनदा क्लिक झाल्याने. पहिल्यांदा मूल निघतं, दुसऱ्यांदा २०२५.

यावर सर्रास दिला जाणारा तोडगा म्हणजे वस्तूचा पॅरेंट विचारायचा आणि त्यालाच काढायला सांगायचं. पहिल्या शक्यतेत तो रास्त आहे. दुसऱ्या शक्यतेत मात्र तो वरच्या नल-तपासणीचाच भाऊ: एरर जाते, पण बंद करण्याचं फंक्शन दोनदा चालतंच राहतं. त्यात गुण साठवण्याचं काम असेल तर गुणही दोनदा साठतात. माझ्याकडे एका कामात नेमकं हेच झालं होतं. मी तपासणी घालून एरर घालवली, फाइल दिली, आणि महिन्याभराने कळलं की काही मुलांना दुप्पट गुण मिळताहेत. तक्रार अर्थातच कुणी मुलाने केली नव्हती. तेव्हा आधी फंक्शनच्या सुरुवातीला ट्रेस टाकून ते किती वेळा चालतं ते मोजा. तोडगा मग निवडा.

एक सूचना, तुम्ही कंटेनर रिकामा करायला लूप लिहिला असेल तर. मुलांची संख्या आधी मोजून शून्यापासून वर जात काढत गेलात तर अर्ध्या वाटेत २००६ येते, कारण एक काढलं की मागची सगळी एकेक घर पुढे सरकतात. संख्या दर फेरीत नव्याने विचारलीत तर एरर येत नाही, पण एकाआड एक मुलं मागे राहतात. ते तर आणखी वाईट. 'मूल शिल्लक आहे तोवर शून्याव्या जागेवरचं काढ', एवढंच लिहा. लोडरवर मात्र रिमूव्हचाइल्ड चालवू नका, तो २०६९ देऊन सांगतो की ही मेथड माझ्याकडे नाही. त्याच्यासाठी अनलोड आहे.

बंद केल्यानंतरची आणखी एक भानगड तुमच्या वाट्याला येईल, ती आजच टाळा. डिस्प्ले लिस्टमधून (पडद्यावरच्या वस्तूंची यादी) काढलं म्हणजे ऑब्जेक्ट मेला, असं नाही. त्याचा 'एंटर फ्रेम'चा (दर फ्रेमला येणारा इव्हेंट) लिसनर चालूच राहतो. त्यातल्या ओळी स्टेजची रुंदी विचारतात, स्टेज आता नल, आणि १००९ सुरू. फाइल सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाची असेल तर सेकंदाला २४ वेळा, आणि डिबगरची खिडकी बंद करता करता हात दुखतात. 'रिमूव्ह्ड फ्रॉम स्टेज' या इव्हेंटमध्ये सगळे लिसनर, टायमर आणि आवाज थांबवा. हा इव्हेंट वस्तू निघण्याच्या किंचित आधी येतो, त्यामुळे त्यात स्टेज अजून हाती असतं आणि स्टेजला जोडलेले लिसनरही तिथेच काढता येतात. फ्लॅश प्लेअर १० पासून लोडरला 'अनलोड अँड स्टॉप' आहे, तेही वापरा, पण त्याच्या भरवशावर आपली साफसफाई सोडू नका.

काही एरर वेगळ्या दिसतात, पण मुळाशी वेळच असते. २०१५, इनव्हॅलिड बिटमॅपडेटा, याचं माझं आवडतं उदाहरण: चित्र लोड होण्याआधीच त्याच्या रुंदी-उंचीवरून बिटमॅपडेटा (चित्राचे पिक्सेल धरणारा ऑब्जेक्ट) बनवायचा. रुंदी शून्य, उंची शून्य, बिटमॅप अवैध. लोडरच्या 'कंटेंट लोडर इन्फो'चा 'कम्प्लीट' इव्हेंट येईपर्यंत थांबायचं. लिसनर लोडरवर लावला तर तो कधीच बोलावला जात नाही, तो त्या इन्फो ऑब्जेक्टवरच लावावा लागतो. हे मी स्वतः शिकलो ते एक अख्खी दुपार घालवून.

वेळेशी संबंध नसलेल्या दोन एरर मात्र वेगळ्या ठेवा. २०४४ च्या पोटात २०३५ दिसली तर फाइल सापडली नाही एवढाच अर्थ. सापेक्ष पत्ते एसडब्ल्यूएफच्या फोल्डरपासून नव्हे, तर तिला धरणाऱ्या पानापासून मोजले जातात, बेस पॅरामीटर दिला नसेल तर. तुमच्या यंत्रावर चालतं आणि पानात चालत नाही, याचं हे सगळ्यात साधं कारण. आणि १०५६ आली तर 'स्टेजवरच्या इन्स्टन्स आपोआप जाहीर करा' ही सेटिंग बंद आहे आणि क्लासमध्ये त्या नावाचं पब्लिक व्हेरिएबल नाही. जाहीर करा, विषय संपला.

तुमच्यापुरतं बोलायचं तर क्रम असा ठेवा. आधी डिबगर प्रोजेक्टर आणि 'परमिट डिबगिंग'. मग तुमची ती नल-तपासणी काढून टाका, एरर परत येऊ द्या, आणि कन्स्ट्रक्टरमधलं काम 'अ‍ॅडेड टू स्टेज'कडे न्या. चेंडू हलला की बंद करण्याच्या फंक्शनमध्ये ट्रेस घालून मोजणी करा. इतकं करूनही २०२५ राहिली तर स्टॅक ट्रेसच्या पहिल्या तीन ओळी आणि ज्या वस्तूवर ती आली तिचा त्या क्षणीचा पॅरेंट कोण होता ते ट्रेस करून मला कळवा. एररचा नुसता क्रमांक पाठवू नका, त्यावरून मी फक्त अंदाज करत बसेन.